१७४० मीटरची मुलाखत

म्हैसूरच्या विमानतळाची धावपट्टी १७४० मीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी हिच्या जवळजवळ दुप्पट भरते. शहराच्या दक्षिणेला, नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंडकळ्ळीला हा विमानतळ आहे आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला हेब्बाळची औद्योगिक वसाहत. हेब्बाळला इन्फोसिसचं भलंमोठं प्रशिक्षण केंद्र आहे. पुण्या-कोल्हापूरकडच्या कित्येक इंजिनिअर मुलामुलींच्या नोकरीची सुरुवात तिथल्या वसतिगृहात झालेली असते. एवढा उद्योग, एवढी माणसं, वर दसऱ्याला लोटणारे पर्यटक. तरी मंडकळ्ळीला एअरबस किंवा बोइंगची नियमित सेवा नाही. भरल्या एअरबस ए-३२० ला निवांत उडायला दोन हजार मीटरच्या पुढे धावपट्टी लागते. धावपट्टी वाढवायची योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. तोवर इथे येतात ती पंख्याची विमानं, म्हणजे टर्बोप्रॉप. त्यातही मुख्यतः एटीआर-७२.

सत्तरेक प्रवासी, २३ टन वजन, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि जास्तीत जास्त २५,००० फूट उंची. जेटवाले पावसाळी ढग पुष्कळदा वरून ओलांडून जातात, एटीआरला त्यांच्यातून वाट काढावी लागते. शिवाय टप्पे छोटे, त्यामुळे दिवसाला चार-चार, कधी सहा वेळा उतरायचं. तेही लहान धावपट्टीवर, कमी उपकरणांच्या विमानतळावर. अशी विमानं चालवणाऱ्या प्रादेशिक कंपन्या वैमानिक निवडतात कसे, ते या प्रकरणात पाहू.

प्रादेशिक कंपनी म्हणजे ‘मोठ्या कंपनीत लागेपर्यंतची सोय’ असा एक समज फ्लाइंग स्कूलच्या कँटीनमध्ये पक्का बसलेला असतो. पंख्याचं विमान म्हणजे दुय्यम, असंही ऐकू येतं. पण नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचं पहिलं संपूर्ण महिला-चमूचं उड्डाण केलं, ते कोलकाता ते सिल्चर होतं आणि विमान होतं फॉकर फ्रेंडशिप, पंख्याचंच. मुलाखतीत ‘आमच्याकडेच का?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर देताना हा कँटीनमधला समज अनेकांच्या चेहऱ्यावर उमटतो. समोरच्या कॅप्टनने आयुष्याची पंधरा वर्षं एटीआरवर काढलेली असतात, हे त्या क्षणी लक्षात राहत नाही.

या धंद्याचा इतिहासही उमेदवाराला थोडा ठाऊक हवा, कारण त्याची नोकरी त्याच इतिहासावर उभी राहणार असते. १९८१ साली छोट्या गावांसाठी सरकारने ‘वायुदूत’ काढली. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली. म्हैसूरशेजारच्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एटीआर घेऊन एअर डेक्कन सुरू केली. पाच वर्षांत ती किंगफिशरच्या पोटात गेली. म्हैसूरचा नवा विमानतळ २०१० साली उघडला तेव्हा पहिली सेवा किंगफिशरच्याच एटीआरची, बेंगळुरूपर्यंत. ती थांबली. मग स्पाइसजेटचं क्यू-४०० आलं, तेही थांबलं. २०१७ मध्ये चेन्नईसाठी ट्रूजेट आली. ही तीच कंपनी, जिच्या नांदेड–हैदराबाद विमानाला त्या वर्षी २७ एप्रिलला ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी हिरवा झेंडा मिळाला होता. २०२२ मध्ये ट्रूजेटची विमानं जमिनीवर आली ती आलीच. दरम्यान कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ मध्ये उडू लागली. तिच्याकडे मात्र पंख्याची नाही, एम्ब्रेअरची छोटी जेट विमानं आहेत. मार्च २०२४ मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळावरून फ्लाय९१ सुरू झाली, एटीआर-७२ घेऊन. जळगाव, सिंधुदुर्ग, पुणे, सोलापूर ही तिची गावं. तिला मिळालेला ‘आयसी’ हा संकेत पूर्वी इंडियन एअरलाइन्सचा होता.

आता टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्याकडे वळू. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, २०० तासांचं उड्डाण लागतं; त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून. बारामती, गोंदिया, शिरपूर, म्हैसूर, कुठेही शिका, हे तास बहुतेक सेस्ना-१७२ सारख्या अकराशे किलोच्या विमानावर भरलेले असतात. खर्च पन्नास लाखांच्या घरात आणि पुष्कळदा पुढे. घरच्यांनी शेत गहाण ठेवलेलं, नाहीतर फ्लॅटवर कर्ज काढलेलं. त्यावर एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, अजून काही लाखांची. कधी ती कंपनी करून देते आणि बाँड लिहून घेते, कधी उमेदवारानेच आधी पदरचे पैसे घालून केलेली असते.

अमेरिकेत हा हिशेब निराळा आहे. तिथे प्रादेशिक कंपनीच्या उजव्या खुर्चीत बसायलासुद्धा सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात; लष्करातून किंवा ठरावीक महाविद्यालयांतून आलेल्यांना थोडी सूट. त्यामुळे तिथला उमेदवार बहुधा दोनेक वर्षं इतरांना शिकवून आलेला असतो आणि मुलाखतीत ‘तुमच्यावर अमुक प्रसंग आला तेव्हा काय केलंत’ असे अनुभवाचे प्रश्न येतात. आपल्याकडे २०० तासांच्या मुलाला असा प्रश्न विचारून फार काही हाती लागत नाही. त्याच्यावर प्रसंग आलेलेच नसतात. म्हणून इथलं पॅनेल दुसरंच काही शोधत असतं. या मुलाला काय येतं यापेक्षा, त्याला येतं ते संपलं की तो काय करतो? तिथे तो गप्प बसतो, ठोकून देतो, की आहे त्या माहितीवरून पुढचं पाऊल शोधतो? माझ्या मते या मुलाखतीचं मर्म एवढंच आहे. बाकीचे टप्पे चाळणीचे.

त्या चाळण्या थोडक्यात. आधी लेखी परीक्षा: दिशादर्शन, हवामानशास्त्र, नियम, विमानाची तांत्रिक माहिती. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर जे उमेदवार प्रश्नपेढ्या घोकून सुटलेले असतात ते इथे पहिल्यांदा घसरतात. मग संगणकावरची मानसशास्त्रीय चाचणी. एका हाताने ठिपका मध्यभागी धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने आकडे टिपायचे, कानात चालू असलेल्या सूचनांतला आपला क्रमांक ओळखायचा. तयारी थोडी उपयोगी पडते, फार नाही. काही कंपन्या गटचर्चा घेतात. तिथे जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. दोनजणांच्या कॉकपिटमध्ये सतत बोलणारा माणूस कोणालाच नको असतो.

मग तांत्रिक मुलाखत. समोर दोन-तीन माणसं, त्यातला निदान एक प्रशिक्षक कॅप्टन. कोरा कागद, पेन. कॅल्क्युलेटर नाही. म्हैसूरचंच उदाहरण घेऊन एक प्रश्न जवळून पाहू. तो कुठल्याही कंपनीच्या प्रश्नपत्रिकेतला नाही, पण जात हीच असते.

‘जून महिना. तुम्ही मंडकळ्ळीला येताय. धावपट्टी २७. वारा २४० अंशांवरून २० नॉट. आडवा वारा किती?’

धावपट्टी २७ म्हणजे विमानाचं तोंड २७० अंशांवर, पश्चिमेला. वारा नैऋत्येकडचा, मोसमी. दोहोंतला फरक ३० अंश. वैमानिक याला घड्याळाचा हिशेब लावतात: १५ अंशांना वाऱ्याचा पाव भाग, ३० ला अर्धा, ४५ ला पाऊण, ६० पासून पुढे पूर्ण. वीसचा अर्धा दहा. म्हणजे डावीकडून दहा नॉट आडवा वारा आणि समोरून साधारण सतरा. तयारी केलेला मुलगा इथपर्यंत पाच सेकंदांत येतो. पॅनेलला ते ठाऊक असतं.

‘बरं. आता पाऊस पडून गेलाय, धावपट्टी ओली आहे. उतरायला किती जागा धराल?’

इथे दोन नियम जोडावे लागतात. टर्बोप्रॉप विमानाचं उतरण्याचं अंतर उपलब्ध धावपट्टीच्या ७० टक्क्यांत बसलं पाहिजे, म्हणजे १७४० मधले सुमारे १२१८ मीटर. ओल्या धावपट्टीसाठी आणखी १५ टक्क्यांची सोय ठेवायची. म्हणजे विमान हिशेबाने १०५९ मीटरच्या आसपास थांबणारं हवं. एटीआरला ते जमतं. पण वजन, वेग आणि चाकं टेकण्याची जागा, तिन्ही नेमकी असली तरच. दहा नॉट जादा वेगाने आलात किंवा चारशे मीटर पुढे टेकलात, तर हा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

पाठांतर करून आलेला उमेदवार इथे अडखळतो, कारण हा आकडा कुठल्या प्रश्नपेढीत नसतो. त्याच वेळी दुसरा एखादा म्हणतो, “सर, टक्केवारी मला नक्की आठवत नाही, ७० असावी. ७० धरून करतो. चुकत असेन तर सांगा.” आणि मोठ्याने आकडेमोड करत जातो. पॅनेलमधल्या कॅप्टनने पेन खाली ठेवलं तर समजा, त्याला हवं होतं ते दिसलं. उत्तर बरोबर आलं म्हणून नव्हे. उद्या शेजारच्या खुर्चीत हा मुलगा असेल तर त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला ऐकू येईल, याची खात्री पटली म्हणून.

तिसरा प्रश्न उन्हाळ्यातला. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे २३५० फुटांवर. एप्रिलच्या दुपारी तापमान ३५ अंश. विमानाला हवा किती उंचीवरची वाटेल? प्रमाण हवामानात एवढ्या उंचीवर दहा अंशांच्या आसपास तापमान असायला हवं. इथे पंचवीस अंश जास्त आहे. दर जादा अंशामागे १२० फूट धरायचे. पंचवीस गुणिले १२० म्हणजे ३०००, अधिक २३५०. विमानाच्या पंखांना आणि पंख्यांना मंडकळ्ळीची हवा ५३५० फुटांवरची वाटते, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरची. हवा विरळ, म्हणून उडायला जास्त धावावं लागतं आणि चढणही मंदावते. मग पॅनेलमधला दुसरा माणूस, आतापर्यंत गप्प बसलेला, विचारतो: ‘उड्डाण घेताच एक इंजिन गेलं तर? उत्तरेला चामुंडी टेकडी आहे.’ याचं तयार उत्तर २०० तासांच्या मुलाकडे नसतंच. अशा विमानतळासाठी एक इंजिन गेल्यावर कुठे वळायचं याचा मार्ग कंपनीने आधीच आखून दिलेला असतो, तो उड्डाणाआधी वाचायचा आणि एकमेकांना सांगायचा, एवढं त्याने म्हटलं तरी पुरेसं. कॉकपिटात ऐनवेळी नवी शक्कल काढायची नसते.

एटीआरसाठी बोलावलं असेल तर त्या विमानाच्या खोडीही विचारतात. त्याला सहायक छोटं इंजिन नाही. जमिनीवर वीज आणि थंड हवा हवी असेल तर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने रोखून धरतात. या व्यवस्थेला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. वेग आपोआप राखणारी ऑटोथ्रॉटल नाही, हात सतत लिव्हरवर. उड्डाणाच्या वेळी इंजिनांकडून पूर्ण राखीव शक्तीच्या ९० टक्केच घेतात. एक बंद पडलं की दुसऱ्याची शक्ती आपोआप वाढते आणि बंद पडलेल्याचा पंखा ‘फेदर’ होतो, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात, नाहीतर तो पंखा विमानाला मागे खेचत राहील. हे सगळं चित्र काढून समजावता आलं पाहिजे. शब्द पाठ असणारे पुष्कळ असतात. ‘डावं इंजिन बंद पडणं जास्त घातक का?’ असं विचारल्यावर कागदावर दोन पंखे आणि त्यांच्या फिरण्याची दिशा काढणारे थोडे.

या यंत्रणेवरचे प्रश्न पांडित्यासाठी नसतात, त्यामागे दोन अपघात उभे आहेत. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून उडालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर-७२ चं उजवं इंजिन फेदर झालं आणि कॅप्टनने घाईत चांगलं चालणारं डावं बंद केलं. ४३ माणसं गेली. इंजिन बिघाडाच्या सरावात हा कॅप्टन कच्चा पडतो, अशा नोंदी त्याच्या प्रशिक्षणाच्या कागदांत आधीपासून होत्या. नेपाळमध्ये १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं विमान उतरायला आलं असताना फ्लॅपची लिव्हर ओढायच्या ऐवजी शेजारच्या दोन्ही कंडिशन लिव्हर ओढल्या गेल्या. दोन्ही पंखे फेदर झाले. ७२ जण गेले. तिथे लिव्हर ओढणारा हात नवशिक्याचा नव्हता, प्रशिक्षक कॅप्टनचा होता.

सिम्युलेटरची फेरी त्यामुळेच असते. वैमानिकांच्या भाषेत नुसतं ‘सिम’. उड्डाण, तीव्र वळणं, एक उपकरण-अवतरण आणि कुठेतरी मध्ये एक इंजिन काढून घेतात. उमेदवाराने कधी न उडवलेल्या विमानाचा सिम असेल तर उत्तम उतरण्याची अपेक्षा नसते. पाहतात ते वेगळंच. इंजिन गेल्यावर पाय आधी हलतो की हात? विमान सरळ ठेवून, थांबून, कोणतं इंजिन गेलं ते मोठ्याने बोलून, शेजाऱ्याकडून खात्री करून मग लिव्हरला हात लागतो का? सांगितलेली चूक दुसऱ्या खेपेला सुधारते का? पहिल्या खेपेला शंभर फूट खाली गेलेला आणि दुसऱ्या खेपेला वीस फुटांवर आलेला मुलगा, दोन्ही वेळा साठ फुटांवर राहिलेल्यापेक्षा अनेक परीक्षकांना पसंत पडतो. मला हा न्याय योग्य वाटतो. शिकण्याचा वेग २०० तासांच्या लॉगबुकात दिसत नाही, सिममध्ये दिसतो.

लॉगबुकाची गोष्ट मात्र निघाली की खोलीतली हवा बदलते. पॅनेल ते मधूनच उघडतं आणि एका ओळीवर बोट ठेवतं: या दिवशी कुठून कुठे गेलात? शिक्षक कोण? हवा कशी होती? खरं उडालेल्या माणसाला निदान काहीतरी आठवतं. धुकं होतं, परतताना रेडिओ नीट लागत नव्हता, उतरल्यावर बोलणी बसली. न उडालेल्याला काहीच आठवत नाही. खोट्या तासांना वैमानिकांत ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. आपल्याकडे २०११ साली परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याची प्रकरणं बाहेर आली, काही वैमानिकांना अटक झाली आणि डीजीसीएला हजारो परवाने तपासावे लागले. त्या धक्क्यानंतर कागद डोळ्यांत तेल घालून पाहिले जातात.

नापास होणं लपवावं का, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला पडतो. याचं सगळ्यात महागडं उत्तर अमेरिकेत आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं क्यू-४०० पंख्याचं विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग कमी होऊन विमान पंखांवर तरंगेनासं झालं तेव्हा कॅप्टनने नाक खाली घालायच्या ऐवजी वर ओढलं. तपासात निघालं की परवान्यांच्या चाचण्यांत तो एकाहून अधिक वेळा नापास झाला होता, आणि अर्ज करताना त्या सगळ्या नोंदी त्याने कंपनीला सांगितल्या नव्हत्या. वर आलेला १५०० तासांचा अमेरिकी नियम या अपघातानंतरच्या कायद्यातून आला. वैमानिकाच्या पास-नापासाची मध्यवर्ती नोंद ठेवण्याची व्यवस्थाही त्यातूनच आली. तासांच्या नियमावर तिथे अजून वाद आहे आणि मलाही तो अर्धवट वाटतो, कारण त्या विमानातल्या दोघांकडेही १५०० हून जास्त तास होते. नोंदींच्या व्यवस्थेवर मात्र वादाला जागा नाही.

तेव्हा नापास झाला असाल तर सांगा. कोणत्या पेपरात, किती वेळा, नंतर काय बदललं, चार वाक्यांत. हवामानशास्त्रात दोनदा आपटलेला आणि नंतर रोज सकाळी जवळच्या विमानतळाचा हवामान-अहवाल वाचायची सवय लावून घेतलेला उमेदवार पॅनेलला आवडतो. रडगाणं नको, शाळेवर खापर नको.

यापेक्षा अवघड प्रश्न शेवटी राखून ठेवलेला असतो. ‘कॅप्टन चुकतोय. तुम्ही सांगितलं. तो ऐकत नाही. पुढे?’ भारतीय घरात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न गिळताना जड जातो. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. इथे तर समोर वडिलांच्या वयाचा कॅप्टन. पण ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पुढे जाऊन दरीत पडलं आणि २१ माणसं गेली, तेव्हा तपास अहवालाने नेमकं यावर बोट ठेवलं: सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. उतरणं चालूच राहिलं, आणि सहवैमानिकाने नियंत्रण आपल्या हाती घेऊन विमान वर नेलं नाही. अहवालात दोन्ही गोष्टी कारणांत मोजल्या आहेत. म्हणजे नुसतं बोलून सहवैमानिकाची जबाबदारी संपत नाही.

‘मी सरांना आदराने सांगेन’ एवढ्यावर थांबणारं उत्तर म्हणून अपुरं. आणि ‘मी लगेच कंट्रोल घेईन’ हे सेनापतीचं उत्तरही पॅनेलला अस्वस्थ करतं. पायऱ्या सांगता आल्या पाहिजेत: आधी आकडा बोलायचा, ‘वेग पंधरा जास्त’. मग ठरलेला शब्द, ‘गो अराउंड’. तो पुन्हा एकदा, मोठ्याने. तरी काही हललं नाही आणि जमीन जवळ आली, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हातात. उतरल्यावर लेखी अहवाल. वीस सेकंदांत हे सांगता येतं, पण खरं वाटेल असं सांगायला आधी स्वतःशी ठरवलेलं असावं लागतं.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीबद्दल दोन शब्द. मुलाखत इंग्रजीत असते आणि रेडिओवरचं कामही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत सहा पातळ्या आहेत आणि चौथी पुरते. त्या पातळीला आपला सातारी किंवा वऱ्हाडी हेल चालतो. समोरच्याला समजलं पाहिजे आणि न समजलेलं आपण पुन्हा विचारलं पाहिजे, एवढीच अट. ‘से अगेन’ म्हणायला लाजणारा सफाईदार इंग्रजीवाला हेल असणाऱ्यापेक्षा धोक्याचा. मोठ्या शहरातल्या महागड्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ वर्गांत शिकवली जाणारी उसनी अमेरिकन ढब तर मुळीच नको. पहिल्या अवघड प्रश्नाला ती गळून पडते आणि मग बोलणं आणखीनच विचित्र होतं.

सगळं संपल्यावर विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ इथे बहुतेक जण ‘नो सर, थँक यू’ म्हणून उठतात. चुकतात. ही कंपनी उद्या असेल का, हे जाणून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. म्हैसूरवरून इतकी विमानं आली-गेली त्याची कारणं साधी आहेत. ‘उडान’मध्ये मार्गाला मिळणारी सरकारी तूट-भरपाई तीन वर्षांची असते, ती संपल्यावर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर बंद होतो. शिवाय मार्च २०२३ मध्ये बेंगळुरू–म्हैसूर दहा पदरी महामार्ग खुला झाला. आता हेब्बाळचा माणूस दीडेक तासात गाडीने बेंगळुरूच्या वेशीवर पोहोचतो. तो बेंगळुरूला जायला कशाला मंडकळ्ळीला जाऊन तासभर आधी रांगेत उभा राहील? त्याला हैदराबाद, चेन्नई, गोवा हवं असतं. तेव्हा विचारा: महिन्याला सरासरी किती तास उड्डाण मिळतं? कोणते मार्ग सवलतीवर आहेत आणि ती कधी संपते? कमांडर व्हायला सध्या किती वर्षं लागतात? तळ कुठला आणि तो बदलला तर खर्च कोणाचा? चांगलं पॅनेल अशा प्रश्नांनी रागावत नाही. रागावलं तर तेही एक उत्तरच आहे.

नेमणूक-पत्र हातात पडलं की घरात पेढे वाटले जातील, ते वाटू द्या. पण सही त्याच दिवशी करू नका. २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला नोकरी सोडायची असेल तर सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते, कमांडरला वर्षाची. बाँड त्याहून वेगळा. बाँडची प्रत घरी आणा, ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या आणि दोन कलमं शोधा: टाइप रेटिंग अर्धवट राहिलं तर पैसे कोणाचे, आणि कंपनीच बंद पडली तर बाँडचं काय. ती कलमं नसतील तर लेखी मागून घ्या, मगच सही करा.